दीनबंधु ते दीनमित्र : एका पत्राचे वारसदार

(ऊस विकास विभागाकडून)



ऊस विकास विभागाच्या या जागेत एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट आणि लागण नोंदीच्या तारखा असतात. तारखा आपापल्या गट ऑफिसात लावलेल्या आहेत, त्या तिथे पाहून घ्याव्यात. ही जागा या खेपेस आम्ही एका वर्तमानपत्राच्या हकिगतीसाठी मागून घेतली आहे. "उसाचा आणि वर्तमानपत्राचा काय संबंध?" असे आम्हांला विचारण्यात आले. संबंध आहे, पुढे येईलच.

निमित्त साधे आहे. शिवारफेरीला गेलो म्हणजे पारावर हमखास बोलणे निघते, की अमुक साप्ताहिक म्हणे विकले गेले, तमक्याने घेतले, आता त्यात आपल्या पाण्याच्या पाळीची बातमी काही येत नाही. मालक बदलला हे लोक बातम्यांच्या वासावरून ताडतात. वास्तविक ते छापील कळावे अशी कायद्याने सोय केलेली होती. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रकाचे, प्रकाशकाचे नाव आणि छापखान्याचे ठिकाण घालणे सक्तीचे झाले. पुढे १९५६ च्या नियमांनी 'नमुना ४' आला. दर साल फेब्रुवारी संपला की जो पहिला अंक निघेल त्यात पत्राचा मालक कोण आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त हिस्सा कोणाकोणाचा हे जाहीर करायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात बारीक टायपात येणारी ती चौकट कितीजणांनी वाचली असेल? ऊसबिलाची पावती शेवटच्या पैशापर्यंत तपासणारा आपला सभासद ती चौकट मात्र ओलांडून जाई. तो १८६७ चा कायदा १ मार्च २०२४ पासून गेला, त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला. पण पत्र कोणाच्या हातात आहे हा प्रश्न काही कायद्याबरोबर गेला नाही.

तो प्रश्न नीट समजायचा असेल तर शेतकऱ्याच्या पहिल्यावहिल्या पत्राचे हात कसे बदलत गेले ते पाहावे लागते.

दुष्काळातली लागण

१ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्लीत लॉर्ड लिटनचा मोठा दरबार भरला होता, आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर होत होते. इकडे दख्खनेत दुष्काळ पडलेला. गुरे गेली होती, माणसे गाव सोडून चालली होती. त्याच दिवशी पुण्यात कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी 'दीनबंधु' नावाचे पत्र सुरू केले. भालेकर भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते बिनीचे कार्यकर्ते. शेतकरी-कष्टकऱ्यांची बाजू मांडणारे मराठीतले पहिले पत्र म्हणून 'दीनबंधु'चे नाव घेतले जाते.

जरा विचार करा, हे पत्र विकत घेणार कोण? ज्याच्यासाठी काढले त्याला अक्षरओळख नाही, आणि असली तरी त्या साली घरात दाणा नाही. ज्यांना वाचता येत होते त्यातल्या पुष्कळांना त्यातला मजकूर रुचण्यासारखा नव्हता. लागण केली खरी, पण पाण्याची सोय नाही अशातली गत. पत्र तोट्यात गेले. तीन-साडेतीन वर्षे भालेकरांनी ते ओढले, आणि १८८० साली ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती दिले. लोखंड्यांनी ते मुंबईला नेले.

हा पहिला हातबदल. त्यात पत्र वाचले, पण पत्राचे गावही बदलले. लोखंडे मोठा माणूस. गिरणीतल्या मजुरांचे हाल त्यांनी स्वतः जवळून पाहिलेले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्याच खटपटीने. या साऱ्या कामात 'दीनबंधु' त्यांच्या हाताशी होते. आज आपल्या साखर कारखान्यांतला कामगार आठवड्याची सुटी घेतो त्याचे मूळ तिथवर जाते. तेव्हा लोखंड्यांनी पत्र वाया घालवले असे कोणी म्हणणार नाही. मात्र जे पत्र कुणब्यासाठी पुण्यात निघाले ते आता मुंबईत गिरणगावाकडे तोंड करून उभे राहिले होते.

आता उसाचा संबंध. १८८३ साली फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त छापून आली. पुढची आली नाहीत. लोखंड्यांनी ती छापायचे थांबवले. फुल्यांनी या भिडस्तपणाबद्दलची चीड त्याच पुस्तकाच्या मजकुरात नोंदवून ठेवली आहे. लोखंड्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. आदल्याच वर्षी, १८८२ साली, 'केसरी'चे टिळक आणि आगरकर कोल्हापूरच्या प्रकरणात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून आले होते. पत्र चालवणाऱ्याच्या मागे छापखाना असतो, कामगार असतात, कोर्टाचे समन्स असते. लिहिणाऱ्याला ते दिसतेच असे नाही.

पण राहिले काय ते पाहा. 'असूडा'ची प्रकरणे पाच. शेतकऱ्याच्या हलाखीचे वर्णन आधीच्या प्रकरणांत, आणि त्यावरचे उपाय शेवटच्या पाचव्यात. पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून सरकारने फौजेकडून आणि पोलिसांकडून जागोजागी ताली, बंधारे घालून घ्यावेत, तळी-तलाव बांधावेत, चांगली जनावरे व नवी अवजारे आणावीत, हे सगळे त्या पाचव्या प्रकरणात आहे. पाणलोट क्षेत्र विकासाच्या ज्या गोष्टी आम्हांला कृषि पदविकेला नवीन म्हणून शिकवल्या, त्यातल्या कितीतरी या माणसाने १८८३ साली लिहून ठेवल्या होत्या. फुले नुसते लिहिणारे नव्हते, मांजरीला त्यांची शेती होती. ऊस संशोधनासाठी आपण आज ज्या मांजरीला जातो तेच हे नाव. तर, शेतकऱ्याच्या कामाचे नेमके ते प्रकरण शेतकऱ्याच्या पत्रात आले नाही. यात कोणी वैरी नव्हता. पत्र मित्राच्याच हाती होते. मालकी आपल्या माणसाकडे असली म्हणजे झाले असे मानून पारावर निवांत बसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. रुग्णांची सेवा करता करताच त्यांना लागण झाली. मग 'दीनबंधु' वासुदेव लिंगोजी बिर्जे यांच्याकडे आला. बिर्जे बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या संस्थानात ग्रंथपालाच्या चाकरीत होते. चांगली सुखाची नोकरी सोडून त्यांनी हे तोट्याचे पत्र अंगावर घेतले. ते वारल्यावर, १९०८ साली, पत्राची धुरा त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी घेतली आणि १९१२ पर्यंत चालवली. भारतातल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या स्त्री-संपादक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. ज्या काळी आपल्या घरांतून मुलीला शाळेत घालायचे म्हणजे वाद होई, त्या काळी ही बाई अग्रलेख लिहीत होती, खिळे जुळवणाऱ्यांचे पगार भागवीत होती आणि वर्गणीच्या तगाद्याची पत्रे धाडीत होती. आपल्याकडे नवऱ्यामागे शेअर बायकोच्या नावावर होतो, पण सभेला मात्र दीर किंवा मुलगा येतो. तानुबाईंनी नुसते नाव लावून घेतले नाही. भगिनी सभासदांनी हे नाव पाठ करून ठेवावे असे आम्हांला वाटते.

खोडवा गावाकडे फुटला

आता जरा मागे जाऊ, कारण याच मुळाला दुसरीकडे एक फुटवा आला होता.

'दीनबंधु' हातचा गेल्यावर भालेकर गप्प बसले नाहीत. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे गाव आहे. तिथले गणपतराव सखाराम पाटील हे सत्यशोधक विचाराचे. १८८८ साली 'दीनमित्र' नावाचे मासिक निघाले, त्यामागे हे गणपतराव. याच 'दीनमित्रा'त भालेकरांची 'बळीबा पाटील' ही कादंबरी क्रमशः आली. विषय कोणता, तर १८७७ चा दुष्काळ. मराठीतली पहिली ग्रामीण कादंबरी म्हणून जाणकार तिच्याकडे बोट दाखवतात. ज्या दुष्काळात पहिले पत्र लागले त्याच दुष्काळाची कथा दुसऱ्या पत्रात आली.

गणपतराव फार जगले नाहीत. त्यांच्यामागे मासिक थांबले. इथे कोणीही म्हणाले असते, संपले. पण गणपतरावांच्या घरी जो मुलगा दत्तक गेला तो होता भालेकरांचाच मुलगा, मुकुंद. जन्म १८८५ चा. 'बळीबा पाटील' छापून येत होती तेव्हा पोर तीन वर्षांचे. दत्तक घेतात ते वतन चालावे, वाडा चालावा, जमीन भाऊबंदकीत जाऊ नये म्हणून. या मुलाने पाटीलकीबरोबर बंद पडलेले पत्रही वारशात धरले. त्याच्या रक्ताच्या बापाने एक पत्र काढले होते, दत्तक बापाने दुसरे. दोन्हींची वारसनोंद एकाच सातबाऱ्यावर यावी तसे झाले.

१९१० साली मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' पुन्हा सुरू केले, साप्ताहिक म्हणून. भालेकर त्याच साली वारले. आणि तेच साल सरकारच्या कडक छापखाना कायद्याचे. नवा छापखाना घालणाऱ्याकडून मॅजिस्ट्रेटने पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागावा, आणि मजकूर खटकला तर तो जप्त करावा, अशी त्यात तरतूद होती. तो कायदा १९२२ पर्यंत होता. पाचशे रुपये म्हणजे त्या काळी लहानसहान रक्कम नव्हे. अशा वर्षी एका पंचवीस वर्षांच्या खेडुताने पत्र काढायचे मनावर घेतले.

बरे, काढले तर काढले, ते पुण्या-मुंबईला जाऊन नाही. तरवडीत बसून. खेड्यातून निघणारे देशातले पहिले वर्तमानपत्र असा मान 'दीनमित्रा'ला अभ्यासक देतात. आज मोबाईलवर बोट फिरवले की बातमी जाते, त्यामुळे तरुण सभासदांना यातली अडचण कळायची नाही. तेव्हाची छपाई म्हणजे शिशाचा एकेक खिळा हाताने उचलून ओळ जुळवायची. इंग्रजीला अक्षरे मोजकी. मराठीला काना-मात्रा आणि जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागतात, आणि प्रत्येकाचा खण वेगळा. एका पानाला हजारो खिळे. छपाई झाली की ते पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, कारण पुढच्या अंकाला तेच वापरायचे. कागद, शाई, खिळे सगळे शहरातून यायचे. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटा बंद. नेवासे-शेवगावकडची काळी माती पायाला कशी धरते हे ज्यांनी चालून पाहिले आहे त्यांना सांगायला नको. एवढे करून अंक टपालात पडायचा, आणि तिकडे गावात ज्याला वाचता येते त्याने चावडीवर किंवा पारावर तो मोठ्याने वाचायचा. एक अंक, ऐकणारे वीस. वर्गणी मात्र एकाचीच, तीही सुगी झाल्यावर. तोडणी वाहतुकीचा हिशेब सांभाळणाऱ्या आमच्या शेती खात्यातल्या मंडळींना यातली ओढाताण बरोबर उमगेल.

त्यात असायचे काय? शहरी पत्रांत ज्या गोष्टींना जागा नव्हती त्या. कुलकर्ण्याने दप्तरात केलेली लबाडी, सावकाराची खतावणी, लग्नात भटजी बोलवावा की आपले आपण लावावे, मुलांच्या शाळा, गावकीचे तंटे. मुकुंदरावांची लेखणी तिखट. १९१३ साली त्यांनी 'कुलकर्णी लीलामृत' नावाचे ओवीबद्ध पुस्तक लिहिले. पोथीच्या चालीवर गावच्या कुलकर्ण्याची लीला. पोथी ऐकायची सवय असलेल्या माणसाला ते लगेच उमजे आणि हसता हसता पोटात खटका बसे. वाचकाच्या कानाला जी चाल ठाऊक आहे तिच्यातच त्याचे गाऱ्हाणे घालायचे, ही युक्ती आमच्या विस्तारकार्यातल्या भित्तिपत्रकांना अजून साधलेली नाही, हे आम्ही आपल्याच खात्याबद्दल म्हणतो.

त्याचा परिणाम काय झाला हे मोजून सांगता येत नाही. एवढे मात्र कागदावर आहे, की शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, आणि मुंबई राज्याच्या कायद्याने १ मे १९५१ पासून बाकी ठिकाणची कुलकर्णी वतनेही गेली. 'दीनमित्र' तेव्हाही निघत होते. १९५० साली त्याच जिल्ह्यात लोणीला प्रवरेची गव्हाण पहिल्यांदा चालू झाली, तेव्हाही निघत होते. ज्या मालकीच्या गोष्टी आपण सहकारात करतो, त्यांची मशागत या पत्राने त्याच मुलखात चाळीस वर्षे आधीपासून चालवली होती असे आमचे मत आहे. कोणाला ते पटणार नाही, तर हरकत नाही.

मधल्या काळात पुष्कळ वारे फिरले. १९२० च्या सुमारास अशी पत्रे महाराष्ट्रात बरीच निघाली होती. पुण्याचे 'विजयी मराठा', बडोद्याचे 'जागृति' ही त्यातली नावाजलेली. १९३० नंतर केशवराव जेध्यांसारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले आणि ब्राह्मणेतर पक्ष पातळ झाला. पत्राला पक्षाचा किंवा दरबाराचा टेकू असतो तोवर ते उभे असते, टेकू गेला की कलते. तरवडीचे पत्र मात्र चालूच राहिले. १९६७ साली मुकुंदराव वारले तोवर चालले. सत्तावन्न वर्षे, एक संपादक, एक गाव. त्यांच्यामागे ते बंद पडले.

हे बंद पडणे आम्हांला जास्त विचार करायला लावते. 'दीनबंधु' चार हातांतून गेला आणि पस्तीस वर्षे टिकला. प्रत्येक हातात थोडा निराळा झाला. 'दीनमित्र' एकाच हातात राहिले म्हणून ते शेवटपर्यंत तसेच्या तसे राहिले, आणि तो हात गेल्यावर उचलायला दुसरा हात नव्हता. दोन्हींत डावे-उजवे ठरवणे कठीण. आपण भागधारक आहोत, आपल्याला तिसरी वाट ठाऊक आहे, ती म्हणजे थोडाथोडा हिस्सा हजारोंचा. वर्तमानपत्राच्या बाबतीत ती आपल्याकडे फारशी कोणी चालून पाहिली नाही.

आज तालुक्याची साप्ताहिके चालतात ती वर्गणीवर नाही, जाहिरातींवर. सरकारी नोटिसा, निविदा, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि आमच्यासारख्या संस्थांची निवेदने. जो निम्म्या पानाची जाहिरात देतो तो 'नमुना ४' मध्ये नाव न येता निम्मा मालक झालेला असतो. पत्रकर्त्याला त्यात दोष देऊन उपयोग नाही. त्यालाही कागदवाल्याचे बिल भागवायचे असते. आणि हे आपले पत्रक? ते कारखान्याच्या खर्चाने निघते, सभासदांना फुकट मिळते. उसाची जात, खताचा हप्ता, सभेची नोटीस यांसाठी ते उत्तम आहे. वजनकाट्याबद्दल एखाद्या सभासदाची तक्रार मात्र त्यात छापून येईल का, याचे उत्तर आपण जाणता. तेवढ्यासाठी गावाजवळ दुसरे एखादे पत्र असलेच पाहिजे, आणि ते वर्गणीदारांच्या पैशावर उभे असले पाहिजे. हा मजकूर चेअरमनसाहेबांना दाखवूनच छापायला दिला आहे. त्यांनी वाचला, हसले, आणि "राहू द्या" म्हणाले.

मुकुंदरावांचे स्मारक तरवडीत आहे. देवगडला किंवा नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाच्या दर्शनाला पुष्कळ सभासद जातात; वाट थोडी वाकडी करून तरवडीलाही जाऊन यावे.

आणि एक विनंती. जुन्या वाड्यांत, माळ्यावर, पेटाऱ्यात, आजोबांच्या कागदांत 'दीनमित्र', 'दीनबंधु' किंवा आपल्या भागातल्या कोणत्याही जुन्या साप्ताहिकाचे अंक सापडले तर ते रद्दीत घालू नयेत, की चुलीला लावू नयेत. वाळवी लागलेला, अर्धा फाटलेला अंकही चालेल. आपल्या गट ऑफिसात ऊस पुरवठ्याच्या कामाला याल तेव्हा ॲग्री ओव्हरसियरकडे नाव व गाव नोंदवून ठेवावे. अंक आपल्याकडेच राहतील; आम्ही येऊन त्यांची यादी करू, आणि कोणत्या अंकावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे तेही तीत टिपून ठेवू.